विमलाचं पान

माझ्या सासूने मरेपर्यंत गावभर सांगितलं, की सुनेला आपण कधी उपाशी ठेवलं नाही. खोटारडी होती. तिने मला उपाशी ठेवलं आणि माझ्या वाटणीचं मेलेल्या सवतीला वाढलं. सवत होती म्हणून मी जगले. सासूच्या भरवशावर असते तर पुढच्या वर्षी माझ्याही नावाने एक पान लागलं असतं.

मी सत्यवानाची दुसरी बायको. पहिली विमला, मी यायच्या दोन पावसाळे आधी वारली. आमच्यात बिजवराला मुलगी दिली की तिच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधतात. चिंचोक्याएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली एक बाई, नाकडोळे असून नसल्यासारखे. तो काळ्या दोऱ्यात ओवून मंगळसूत्राच्या वर बांधायचा आणि मरेपर्यंत काढायचा नाही. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. हळदकुंकू आधी तिला, सणाचा पहिला घास तिला. असा मान दिला की मेलेली घरात धिंगाणा घालत नाही म्हणे. म्हणजे नवरा तिचा, लुगडं तिचं, कुंकू तिचं. माझं स्वतःचं असं त्या घरात काय होतं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. मी त्या टाकाचा मनापासून राग करायची. विहिरीवर वाकले की तो पुढे लोंबायचा, आणि मी त्याला म्हणायची, पड मेले आत, सुटेन तरी.

सत्यवान मुंबईला गोदीत कामाला. चतुर्थीला आणि मे महिन्यात यायचा, आईच्या शेजारी बसून जेवायचा, माझ्याकडे बघून उगाच हसायचा आणि आगबोटीने परत जायचा. बाकी वर्षभर तोंडवलीच्या त्या घरात मी आणि सासू. एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मध्ये ती. पळायला जागाच नाही.

विमलाचं नाव ती दोनच कारणांनी काढायची. एक टाकाच्या मानासाठी आणि दुसरं मला आळसाचा नमुना दाखवायला.

“म्हशीसारखी सुजली हुती,” ती सांगायची. “पोर झाला ता मेलाच. तेच्यानंतर मे म्हयन्यात घोंगडी पांघरून बसायची. केस गळले, भिवयो पण गळले. बोलली तर बाप्यासारखो घोगरो आवाज. बावडेवरसून एक घागर पाणी हाडीसर दुपार. भात कांडूक बसवली, तर मुसळ हातात धरून निजली ती उठलीच नाय. मेली ती पण निजानच!”

हे ती हसून सांगायची. मी ऐकून घ्यायची, कारण मलाही विमलाबद्दल प्रेम नव्हतं.

अठ्ठावन्न साली, लग्नाला तीन वर्षं होत आली तेव्हा, मला भूक लागायला लागली. साधी भूक नव्हे. ताटभर भात, वर पेज, वर दोन भाकऱ्या खाऊन उठले की चूल सारवीपर्यंत पोटात परत आग. आणि अंगाला काही लागत नव्हतं. हाडं वर आली, बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. पौषात सगळा गाव शेकोटीला बसला होता आणि मी पदराने वारा घेत होते. हात थरथरायचे, कढी वाढताना पानाबाहेर सांडायची. काळीज बसल्या जागी धावत सुटायचं, आणि धावायचं तेही नीट नाही, ठेचकाळत. डोळे मोठे झाले. “बघ कशी डोळे वटारता,” सासू म्हणायची. मी वटारत नव्हते, ते मिटतच नव्हते.

राग मात्र खरा होता. मी मुळातच तापट, आणि आता तर माशी बसली तरी भांडायला उठत होते. एकदा सासूने भात खाण्यावरून टोमणा मारला, तेव्हा मी हातातला पळा तिच्या अंगावर भिरकावला. लागला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच सुमाराला गळ्यातला दोरा आखूड झाला. मी सैल करून बांधला, महिन्याभरात पुन्हा काचायला लागला. गळा खालून सुजत होता, अगदी टाकाखालीच. सासूने ते पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. त्याच संध्याकाळी ती भिकाजी घाड्याला घेऊन आली.

भिकाजी गावाचं गाऱ्हाणं घालायचा, भूतखेत बांधायचा, आणि त्याबदल्यात कोंबडे खायचा. त्याने सुपात तांदूळ टाकले, कौल बघायला दाण्यांच्या जोड्या लावल्या, मान हलवली. “ह्यां चेडू खायत नाय,” तो म्हणाला. “विमला खाता. उपाशी मेली हुती काय ती?”

सासूने पदर तोंडावर धरला. मी तेव्हा भुकेत होते, म्हणून मला ते लगेच उमगलं नाही.

भिकाजीचा उपाय ऐका. माझं जेवण निम्मं करायचं, म्हणजे विमलाला माझ्या तोंडाने खाता येणार नाही. उरलेलं निम्मं केळीच्या पानावर वाढून तिन्हीसांजेला खाडीच्या बाजूच्या माडाखाली ठेवायचं, म्हणजे ती तिथे येऊन जेवेल आणि मला सोडेल. असा हा शहाणपणा! अंगात आग लागलेल्या बाईचं ताट अर्धं केलं आणि अर्धं माडाला वाढलं.

पहिले काही दिवस ते पान होडीवाल्या महादू ताऱ्याच्या कुत्र्याने खाल्लं. कुत्रा गुटगुटीत झाला. मी दारात बसून बघायची, तोंडाला पाणी सुटायचं आणि डोळ्यांनाही. मग एका संध्याकाळी मी उठले, कुत्र्याच्या पेकाटात दगड घातला आणि पान माझ्यापुढे ओढलं. चाटूनपुसून खाल्लं. भूक ती भूक, तिला कसली लाज.

सकाळी सासूला स्वच्छ पान सापडलं. कुत्रा पान फाडायचा, कावळे भात उडवायचे. हे पान तसंच्या तसं, एक शीत नाही, माणसाने जेवावं तसं. सासू तिथेच मटकन बसली. तिला वाटलं विमलाच आली.

त्या दिवसापासून विमलाच्या पानाचा थाट वाढला. आधी नुसता भात आणि पेजेचं पाणी असायचं. मग बांगड्याची कढी आली. मग मोदकाएवढा गुळाचा खडा. रापणीच्या जाळ्यात सुरमई आली तेव्हा मधली तुकडी विमलाला आणि शेपटी मला. मेलेल्या सुनेला जे मिळत होतं ते जिवंत सुनेला नव्हतं, म्हणून जिवंत सून मेलेलीचं जेवत होती. मी माडाखाली बसून काटे चोखायची आणि टाकाला म्हणायची, “विमला, तुझी सासू तुका भियता गो.” तेव्हापासून माझा टाकावरचा राग जरा कमी झाला. खाल्ल्या मिठाला जागायला हवं.

पण त्या पानानेही अंग भरलं नाही. शिमग्याच्या आधी गावाची रापण ओढत होते. दोर ओढायला हात लावला की माशांचा वाटा मिळतो, म्हणून सासूनेच मला पाठवलं होतं. दोर खांद्यावर घेतला आणि छातीत असं काही फडफडलं, की वाळू वर आली आणि आभाळ खाली गेलं. डोळे उघडले तर सगळा गाव भोवती उभा, पण हात लावायला कोणी नाही. विमलाची बाधा कोण अंगावर घेणार?

मग भिकाजीने शेवटचा उपाय सांगितला. अवसेला संध्याकाळी कोयता लाल करून माझ्या गळ्याच्या सुजेवर डाग द्यायचा, म्हणजे विमलाचं तोंड कायमचं बंद. सासू कबूल झाली. तिने त्यासाठी कोंबडा बांधूनही ठेवला. मी ओट्यावर पडून ऐकत होते. घाबरले मी, खोटं कशाला सांगू. आणि घाबरल्यावर मला जास्तच राग येतो.

अवसेच्या सकाळी उठून मी तळाशीलच्या तरीवर गेले. महादू तारी होडी खाडीच्या पलीकडे सर्जेकोटला लावायचा. मला बघून तो होडी सोडून मागे सरकला.

“तुका घेवचंय नाय,” तो म्हणाला. “तुझ्या सासूक इचारल्याशिवाय नाय. आणि तुझ्या अंगात ती आसा.”

एवढे दिवस लोक मला विमला म्हणत होते. म्हटलं, ठीक आहे, एकदाचा उपयोग तरी होऊ दे. मी डोळे होते त्याहून मोठे केले आणि आवाज बाप्यासारखा घोगरा काढला.

“महादू, मी विमला. माका पलीकडे नी. नाय तर तुझी होडी आणि तो तुझो कुत्रो, दोघांक बुडयतलंय.”

महादूने मला पैसे न घेता पलीकडे सोडलं, आणि मी उतरताना पायाही पडला.

तिथून मालवणपर्यंत चालत, बसत, पुन्हा चालत गेले. तिथले डॉक्टर जयराम सामंत मला ठाऊक होते. माझ्या बापाचा पाय त्यांनी वाचवला होता, सगळा वेळ त्याला शिव्या देत. तसेच होते अजून. मी बाकावर बसले तर म्हणाले, “एवढी वाळेपर्यंत काय करत होतात? मुहूर्त बघत होतात?”

मी म्हटलं, “घाडी बघत होते.”

त्यांनी मला हात पुढे धरायला सांगितले आणि बोटांवर एक कागद ठेवला. कागद वाऱ्यात धरल्यासारखा फडफडला. नाडी धरली, घड्याळाकडे बघितलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलले. मग गळ्याकडे आले. “हे काढ,” ते टाकाकडे बोट दाखवून म्हणाले.

“काढूचो नसता,” मी म्हटलं. “सवत आसा ती.”

“सवत असो नाहीतर सासू. काढ.”

मी दोरा सोडला. लग्नानंतर पहिल्यांदा गळा मोकळा झाला. त्यांनी नळी छातीला लावावी तशी गळ्याला लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग नळी माझ्याच कानात घातली. आत काहीतरी सूं सूं करत धावत होतं.

“हे रक्त,” ते म्हणाले. “इथे गळ्यात एक ग्रंथी असते. थायरॉईड. मला आहे, तुला आहे, त्या घाड्यालाही आहे. कंदिलाची वात वर-खाली करतात ना, तसं ती अंगाचं करते. तुझी वात भलतीच वर गेली आहे. म्हणून खातेस ते सगळं जळून जातं, घाम येतो, हात कापतात, चिडचिड होते. आणि तुझं काळीज बसल्या जागी रापण ओढतंय, दिवसरात्र. त्याचा ताल आताच चुकायला लागलाय. अशी आणखी काही महिने राहिलीस तर ते थांबेल. आणि उपाशी ठेवलं तर त्याच्याही आधी.”

“आज सांजेक ते हयसर डाग देतले,” मी गळ्यावर बोट ठेवून म्हटलं.

त्यांनी कोणाकोणाच्या आयांचा उद्धार केला तो मी इथे सांगत नाही. मला माणूस आवडला. मग म्हणाले, आजार बरा होण्यासारखा आहे, गोळ्या मुंबईहून मागवाव्या लागतील, नवरा तिथेच आहे तर उत्तम, तोवर काळजाचं औषध देतो. पोटभर खायचं. ओझं उचलायचं नाही. बोलता बोलता त्यांनी मेजावरचा टाक उचलून बघितला. “ही कशाने गेली?”

मी सासूने सांगितलं होतं तेच सांगितलं, तिच्याच शब्दांत, कारण दुसरे शब्द माझ्याकडे नव्हते. म्हशीसारखी सुजली, मेमध्ये घोंगडी, घोगरा आवाज, भिवया गळल्या, पोर झाल्यावर सुरू झालं, मुसळ धरून निजली.

डॉक्टरांनी या वेळी शिवी दिली नाही, टाक उजेडात धरून पुन्हा पाहिला.

“मेलेल्या बाईची नाडी बघता येत नाही,” ते म्हणाले. “पण तू सांगतेस ते पुस्तकात लिहिल्यासारखं आहे. तिची वात उतरत गेली. सगळं अंग मंद, काळीजही मंद, त्याच्याभोवती पाणी साचतं. अशा बाईला आळशी म्हणतात. रोज एक गोळी, बस. उठून चालली असती ती, भातही कांडला असता. कोणाला दाखवली होती?”

“कोणाक नाय.”

टाक त्यांनी माझ्या हातावर ठेवला. मी तो गळ्यात बांधला नाही, मुठीत धरला. सगळी वाट मी त्याच्याशी बोलत आले. काय बोलले ते आठवत नाही, पण रडत होते. तीन वर्षं मी तिला शिव्या दिल्या होत्या आणि तिचं मात्र कोणी काही ऐकलंच नव्हतं.

घरी पोचले तेव्हा घरापुढच्या खळ्यात निखारे पेटले होते आणि कोयता त्यात खोचलेला. भिकाजी पाटावर बसला होता. सासूने माझा मोकळा गळा पाहिला आणि किंचाळली, “टाक खंय? गो, टाक खंय?”

“काढलंय,” मी म्हटलं. “आता विमला सुटली. बगा खंय गेली ती.”

सासू धावत भिकाजीच्या मागे गेली. भिकाजी कोणाच्या मागे जाणार, तो तिथेच उभा राहिला. मी सरळ त्याच्यापुढे गेले आणि गळा पुढे केला. “डाग देवचो आसा मां? आधी हात लाय. बग आत काय आसा ता.”

त्याने दोन बोटं लावली. आतली घरघर बोटांना लागली तसा तो चटका बसल्यासारखा मागे सरला. “ह्यां रगत,” मी म्हटलं. “डॉक्टरान सांगल्यान. कोयतो लावलं असतंस तर खळा भरला असता. मगे माझ्या घोवाक काय सांगतलं असतंस?”

भिकाजीने कोयता तिथेच निखाऱ्यात सोडला. कोंबडा मात्र काखोटीला मारून गेला.

मी सासूला सगळं सांगितलं. गळ्यातली ग्रंथी, कंदिलाची वात, गोळ्या. ती तोंड उघडं टाकून ऐकत होती. आणि मग तिच्या तोंडावर हसू आलं. खरंच सांगते, हसली ती, ओझं उतरल्यासारखी.

“म्हणजे विमला नाय?” ती म्हणाली. “ती इलीच नाय?”

“नाय. पान मी खायत हुतंय.”

“तू?” तिला राग येणार होता, पण सुटका झाल्याचा आनंद त्याहून मोठा होता. “मगे तो टाक खाडयेत टाक. आता कित्याक होयो? रोगच आसा तर.”

तेव्हा मला भिकाजीचा पहिला प्रश्न आठवला, आणि तोंडावर धरलेला पदर. ही बाई भुताला भीत नव्हती. भूत आलं तर ते काय बोलेल, याला भीत होती.

“तिचो पण रोगच हुतो,” मी म्हटलं. “आळशी नाय हुती ती. काळजाभोवती पाणी झालेल्या बायलेक तू भात कांडूक बसवलंस. एक गोळी रोजची. तू तिका मालवणाक पण नेलंस नाय.”

“माका काय म्हायत!” ती ओरडली. “तेवा कोणाक म्हायत हुता?”

“इचारलंस कोणाक?”

कोयता निखाऱ्यात काळा पडत चालला होता. मी टाक तिच्यासमोर गळ्यात बांधला, दोरा चांगला सैल करून.

“हो खाडयेत जावचो नाय,” मी म्हटलं. “आणि तिचां पान पण बंद होवचां नाय. आता माडाखाली नको. घरात, माझ्या पानाच्या आधी. तुझ्या हातान.”

गोळ्या सत्यवानाने मुंबईहून वेळच्या वेळी पाठवल्या. त्याने जन्मात केलेलं ते एक काम. चतुर्थीपर्यंत माझं काळीज ताळ्यावर आलं, हात थांबले, बांगड्या मनगटावर उतरल्या, भूक चारचौघांसारखी झाली. गोळ्यांनी सुनेचा रागही जाईल अशी सासूला फार आशा होती. तो गेला नाही. तो ग्रंथीचा नव्हता.

पान मात्र त्या अवसेच्या रात्रीपासूनच लागलं. सासूने भात वाढला, कढी वाढली, बांगडा ठेवला आणि उठायला लागली. मी म्हटलं, “बस. तिका जेव म्हण.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी डोळे हलवले नाहीत. तेव्हा ते मिटतही नव्हते.

“जेव,” ती म्हणाली.

“नाव घेवन. आणि गो म्हण.”

त्या पोरीला जिवंतपणी हे शब्द तिने एकदाही म्हटले नव्हते, म्हणून ते तोंडातून निघेचनात. शेवटी निघाले.

“जेव गो विमला.”

मला तिची दया आली नाही. मी माझं पान पुढे ओढलं आणि पोटभर जेवले. पुढे ती मरेपर्यंत रोज ते म्हणत होती, आणि मी रोज समोर बसून ऐकत होते.